पायाळूची वही

देवाजी आईच्या पोटातून पाय पुढं करून आला, म्हणजे पायाळू. आणि पायाळू माणसाबद्दल आपल्याकडं दोन गोष्टी कधीच्या ठरून गेल्या आहेत. एक, त्याचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते. दुसरी, वीज पडायची झाली तर ती नेमकी त्याच्यावरच पडते. त्यामुळं मौद्याजवळच्या त्या खेड्यात आभाळ गडगडलं की त्याची आई अंजनाबाई पोराला हाताला धरून घरात ओढायची, आणि हे कार्टं दारातच पाय रोवून विचारायचं, "माय, एवढ्या वरून विजेले कसं समजते का मी पायाळू आहो? तिले कोण सांगते?" आई पाठीत धपाटा घालायची. उत्तर असतं तर बिचारीनं तेच दिलं असतं.

ही विचारायची खोड काही गेली नाही. छप्पनच्या दसऱ्याला विशीतला देवाजी पांढरे कपडे घालून नागपुरात आला आणि दीक्षा घेऊन बौद्ध झाला. जुने देव गेले, गंडेदोरे गेले, अंगारे गेले. पाय तेवढा राहिला. तो काही नदीत सोडून देता येत नव्हता! लोक येतच राहिले, आणि दुखणाऱ्या माणसाला "जा" म्हणायला देवाजीची जीभ रेटेना. पायाळूनं पैसा घ्यायचा नसतो, तोही त्यानं कधी घेतला नाही. पण पाय लावताना दर वेळी मनात किडा वळवळायचा. खरंच गुण येतो का? येत असेल तर का येतो?

पुढं एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तो अटेंडंट लागला. काचा पुसायच्या, बॅटऱ्या भरायच्या, पोरांना लंबक बांधून द्यायचे. बायको जयवंता, इंदोऱ्यात दोन खोल्या आणि एक सायकल, एवढा त्याचा संसार. दुपारी डबा खायला लायब्ररीचा शिपाई रुपराव सोबत असायचा. रुपराव कुणब्याचा, अंगानं आडवा, बोलायला फटकळ. कडुनिंबाखाली डबे उघडले की देवाजीचा रोजचा सवाल ठरलेला. बर्फ पाण्याचाच, मग पाण्यावर काहून तरंगते? आत्मा नाई म्हणतात, मग सपन कोण पाहते? मुंगी मारणं पाप, तर ढेकूण मारणं काय? रुपराव भाकरी मोडत म्हणायचा, "तुह्यासंगं जेवलं का जेवण पचते, पण डोस्कं नाई पचत गा." आणि दुसऱ्या दिवशी सवाल नसला तर तोच विचारायचा, "आज काहून गप्प हायेस?"

आता या गोष्टीतला मोठा माणूस. मनोहरराव, ऑफिसातले बडेबाबू, राहायला धरमपेठेत. कागदाचा माणूस. तोंडी सांगितलेलं त्यांना ऐकू यायचं नाही, लिहून दिलं की लगेच पटायचं. खिडकीत त्यांची स्वतःची सुरई असे. देवाजी कामाला लागला तेव्हापासून त्यांनी त्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. एकदा खिडकी पुसताना देवाजीनं सुरई उचलून बाजूला ठेवली, तर त्यांनी तोंडातून ब्र न काढता ती कुंडीत रिकामी केली. देवाजीनं पाहिलं. त्याला राग आला, चांगला सणसणीत आला, पण रागाच्या मागोमाग सवालही आला. त्या पाण्यात नेमकं काय बदललं असेल?

आणि मग एके दिवशी बडेबाबूंच्या कंबरेत उसण भरली. फाईल उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. कोणीतरी म्हणालं, आपला देवाजी पायाळू आहे की! दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिस उघडायच्या आधी, बडेबाबू बॅटऱ्यांच्या खोलीत पोत्यावर पालथे पडले. रीत अशी, की तीन सकाळी उपाशीपोटी यायचं, तोंड भिंतीकडं करायचं, मागं वळून पाहायचं नाही आणि कोणी अवाक्षर बोलायचं नाही. देवाजीनं डावी टाच कंबरेवरून तीनदा ओढली. चार दिवसांत बाबू ताठ! ते आपल्या सुरईतलं पाणी प्यायले आणि कामाला लागले.

दुपारी देवाजीनं डबा उघडलाच नाही. "रुपराव, हात चालत नाई अन् पाय चालते. हे कोणतं शास्त्र?"

"गरजेचं," रुपराव म्हणाला. "खा आता."

पण देवाजीला ते पुरेना. प्रयोगशाळेत इंदुताई म्हणून बाई शिकवत. दर वर्षी लंबकाच्या तासाला त्या पोरांना एकच गोष्ट बजावून सांगायच्या, की एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर कोणामुळं काय झालं ते कळणार नाही. दोरी तीच ठेवून गोळा जड घेतला, हलका घेतला, तरी झोका तेवढाच वेळ घेतो. पोरं जांभया द्यायची. कोपऱ्यात उभा देवाजी मात्र त्या वर्षी दचकला. खोली तीच, पोतं तेच, रीत तीच. नुसता पाय बदलला तर?

रीतच अशी होती, की पालथ्या माणसाला पाय कोणाचा ते दिसणारच नाही. रुपराव सरळ डोक्यानं जन्मलेला, त्याच्या पायात गुण असायचं काही कारण नव्हतं. दोघांनी ठरवलं, की नाणं उडवायचं, छाप पडली तर देवाजी, काटा पडला तर रुपराव. वही केली, पहिली ओळ बडेबाबूंच्या त्या पहिल्या खेपेची घातली. नाव, तारीख, पाय कोणाचा, दुखणं किती दिवसांत गेलं. कारकून आले, रिक्षावाले आले, प्राध्यापकांच्या सासवा आल्या. तीन वर्षांत चाळीस ओळी भरल्या. बेरीज केली तेव्हा देवाजीच्या पायाचे सरासरी चार दिवस निघाले आणि रुपरावच्याही पायाचे चारच.

"बाप्पा!" रुपराव आपल्या टाचेकडं बघत राहिला. "म्हणजे माह्याही पायाले गुण हाये!"

"नाई गा. दोघाच्याही नाई. उसण चार दिवसांत आपली आपणच जाते. कावळा बसायले अन् फांदी मोडायले गाठ पडते, अन् नाव होते कावळ्याचं." देवाजीला इतका आनंद झाला होता, की सायकल हातात धरून तो घरापर्यंत चालतच गेला. विजेला कोण सांगतं, या सवालाचंही उत्तर त्याला मिळाल्यासारखं झालं. कोणीच सांगत नाही.

जयवंतानं ऐकून घेतलं आणि चूल फुंकत विचारलं, "मग आता लोकायले सांगणार?"

तिथं घोडं पेंड खात होतं. सांगावं तर लोक फसवलं म्हणणार. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता चौऱ्याहत्तरचा पावसाळा आला आणि बडेबाबूंची उसण परत आली. आजवर पाच वेळा येऊन गेली होती. या सहाव्या खेपेला मात्र पाय लागूनही चार दिवस झाले, दहा झाले, वीस झाले, तरी दुखणं हलेना. शर्ट अंगावर लोंबायला लागला. संध्याकाळी कणकण यायची, बसताना बाबू टेबल धरून बसायचे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "पाच वेळा देवाजीच्या पायानं गेलंय, सहाव्यांदाही जाईल."

देवाजी वही उघडून बसला. चाळीस ओळींत सहा दिवसांच्या वर कोणाचाच आकडा नव्हता. इथं बावीस! ही उसण नव्हे, दुसरंच काही आहे, हे त्याला लख्ख दिसलं. आणि हा माणूस आपल्या पायाच्या भरवशावर मरणाकडं चालला आहे, हेही दिसलं. त्यात देवाजीच्या बढतीची फाईल बडेबाबूंच्याच टेबलावर. तरी दुसऱ्या सकाळी बाबू पुन्हा पाय लावून घ्यायला आले, तेव्हा बॅटऱ्यांच्या खोलीत त्यानं सगळं सांगून टाकलं. पायात काही नाही, नाणं उडवलं, पाचातल्या दोन वेळा तर रुपरावचा पाय होता, तुम्ही धंतोलीत चांगला डॉक्टर गाठा.

बडेबाबू लालबुंद झाले. "म्हणजे तुम्ही दोघांनी मला उल्लू बनवलं! फाईल माझ्याकडं आहे, विसरू नकोस." आणि भिंत धरत धरत निघून गेले.

चोविसाव्या सकाळी पाहतो तर बडेबाबू पुन्हा दारात! "आता माझ्या लक्षात आलं. या खेपेला त्या रुपरावाचाच पाय लागलाय, म्हणून गुण नाही. आज त्याला तिथं बाहेर उभा कर, मला दिसेल असा. आणि तू पाय लाव."

देवाजीनं कपाळाला हात लावला. काय म्हणावं या माणसाला! खरं सांगितलं तर त्या खऱ्याचंही त्यानं औषध करून टाकलं. "उद्या या," एवढंच देवाजी म्हणाला.

संध्याकाळी जयवंता म्हणाली, "सोपं हाये. सांगा, पायाळूच्या पायाचा हुकूम झाला, का डॉक्टरकडं जा. धावत जातीन."

"खोटं बोलू? रोज पंचशील म्हणतो आपण."

"अन् त्यायच्या पाठीवर रुपरावभाऊचा पाय ठेवला तवा पंचशील कुठं गेलतं जी?"

बाई खरं बोलत होती. न सांगता केलं ते चुकलंच होतं. पण एका खोट्यानं वाचवलं, तर उद्या हाच माणूस ताप आल्यावरही पायच मागणार. आणि वाचलाच नाही तर? विचार करकरून त्याचं डोकं शिणलं.

पंचविसाव्या सकाळी बडेबाबू पोत्यावर आडवे होऊ लागले, तेव्हा देवाजीनं त्यांचा दंड धरला. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"बडेबाबू, एक सवाल हाये. मी पाय पुढं करून जन्मलो म्हणून माह्या पायात गुण. अन् अमक्याच्या घरी जन्मलो म्हणून माह्या हातात विटाळ. हे दोन्ही जन्मावरूनच ठरवलं ना?"

बडेबाबू दंड सोडवायला बघत होते.

"मग शास्त्र एकच झालं. खरं असन तर दोन्ही खरं, खोटं असन तर दोन्ही खोटं. पायाचं मी तीन वर्षं तपासून पाहिलं. खोटं हाये. तुम्ही हाताचं कधी तपासलं?"

खोलीत बॅटऱ्यांच्या तेजाबाचा उग्र वास होता. बडेबाबूंच्या ओठांवर शिवी आली असावी, पण आली ती कळच, आणि ते भिंतीला टेकले. मग म्हणाले, "तपासलं म्हणतोस. लेखी आहे?"

देवाजीनं वही पुढं केली. बडेबाबूंनी चष्मा लावला. उभ्याउभ्या एकेक ओळ बोटानं वाचली. स्वतःचं नाव पाचदा सापडलं. चार, तीन, पाच, चार, चार. कोणता पाय कोणाचा तेही लिहिलेलं होतं. सगळ्यात खाली सहाव्यांदा त्यांचंच नाव, आणि शेवटचा रकाना कोरा. आयुष्यभर ज्यांनी कोरा रकाना असलेला कागद पुढं जाऊ दिला नव्हता, ते त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

"हे असं ठेवता येणार नाही," ते हळूच म्हणाले. "रिक्षा बोलाव."

धंतोलीतल्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याला क्षय लागला होता. आणखी महिना काढला असता तर दोन्ही पाय लुळे पडले असते, असं त्यांनी घरच्यांना सांगितलं. छातीपासून कंबरेपर्यंत प्लास्टर, रोज इंजेक्शन, आणि महिनोन्‌महिने उताणं पडून राहायचं. फाईलीचं म्हणाल, तर ती दुसऱ्या बाबूंकडं गेली आणि दोन वर्षं तिथंच झोपली. सरकारी कागदाला कसली उसण!

पहिल्याच रविवारी दुपारी देवाजी दवाखान्यात भेटायला गेला. घरची माणसं जेवायला गेली होती. बडेबाबू छताकडं बघत पडलेले, घसा कोरडा, जीभ ओठांवरून फिरतेय. उशाशी तांब्यापेला होता, त्यांच्या हाताला न येणारा. देवाजीला तो दिसला, पण हात काही पुढं जाईना. अकरा वर्षांची सवय. शेवटी बडेबाबूच चिडून म्हणाले, "बघत काय बसलास? दे की!"

देवाजीनं मान उचलून धरली आणि पाणी पाजलं. अर्धा पेला संपला. मग मात्र त्याला राहवेना, खोडच ती.

"काही वाटलं, बडेबाबू?"

"काय वाटायचंय?"

"चवीत फरक? जिवाले काही?"

मनोहररावांनी डोळे मिटून खरंच विचार केला, एखादा अर्ज तपासावा तसा. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं. "पाण्यासारखं लागलं रे," ते म्हणाले. "नुसतं पाण्यासारखं."

देवाजीनं खिशातून वही काढली, नवं पान उघडलं, तारीख घातली आणि लिहून घेतलं. मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला, "पण एकदाच्यानं काही सिद्ध नाई होत. पुन्हा पुन्हा करून पाहा लागते."

"मग ये ना," मनोहरराव म्हणाले. "उद्या ये. रोज ये."