जळकोटच्या उसातले पतंग आणि आमच्या बिराजदार मॅडम

प्रा. डॉ. नलिनी बिराजदार यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या उसातून बाहेर येत होत्या. सकाळची वेळ होती. जळकोटहून कॉलेजला निघालेली आमची एस.टी. गावाबाहेरच्या थांब्यावर थांबली आणि कडेच्या फडातून एक बाई हात करत धावत आल्या. साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, पायात गमबूट आणि हातात लांब दांड्याची जाळी. त्या माझ्या शेजारी बसल्या, पिशवीतून झाकणाला भोके पाडलेली एक डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"धर गं जरा. मला तिकीट काढायचंय. हलवू नकोस, नुकताच शांत झालाय."

डबीत मातकट रंगाचा एक पतंग होता. तिकीट काढून झाले तरी त्यांनी डबी परत घेतली नाही. त्या लगेच झोपी गेल्या, आणि मी धाराशिवपर्यंत ती डबी दोन्ही हातांत धरून बसले. त्यानंतर तासाभराने प्राणिशास्त्राच्या वर्गात इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या एक प्राध्यापिका आल्या. त्यांनी वर्गभर नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबून विचारले, "डबी धरणारी तूच ना? नाव काय तुझं?"

"वैशाली."

"छान. तुझा हात स्थिर आहे. संध्याकाळच्या कामाला अशीच माणसं लागतात."

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे संपादकांनी सांगितले, तेव्हा मला सगळ्यात आधी ती डबी आठवली. मॅडमच्या संशोधनाबद्दल अधिकाराने लिहिणारे इतर मान्यवर आहेत. मी त्यांची विद्यार्थिनी आणि आता त्याच विभागातली सहकारी. मला जे जवळून दिसले तेवढेच मी सांगणार आहे.

संध्याकाळचे काम म्हणजे उसाच्या फडातल्या पतंगांचे सर्वेक्षण. आपल्या जिल्ह्यात पाण्याची सोय झाली तिथे ऊस वाढला, पण त्या उसात राहतात ते पतंग कोणते, याची नीट नोंद कुणी केली नव्हती. शेतकऱ्याला अळी माहीत असते, कारण ती ऊस पोखरताना सापडते. तिचा पतंग कसा दिसतो, कधी येतो, आणि उसाशी काहीच वैर नसलेले किती पतंग तिथे नुसते वस्तीला असतात, हे मॅडमना शोधायचे होते. दिवेलागणीच्या सुमारास फडाच्या कडेला पांढरी चादर ताणून बांधायची, तिच्यासमोर बॅटरीवरचा दिवा लावायचा आणि येईल त्याची वाट पाहायची, अशी ही पद्धत.

मी घरी जाऊन उत्साहाने सांगितले की मॅडम मला पतंग पकडायला नेणार आहेत. आई म्हणाली, "कॉलेजात आता पतंगबी उडवायला लावत्यात व्हय?" आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, मात्र हसू आले नाही. दिवस मावळल्यावर तरण्या पोरीने उसात जायचे, हे त्यांना मान्य होणारच नव्हते. त्यांनी एकाच शब्दात नाही म्हटले.

मी मॅडमना तसे कळवले. त्यांनी मला उपदेश केला नाही की आबांना नावे ठेवली नाहीत. पुढच्या रविवारी त्या थेट आमच्या घरी आल्या, आईने केलेला चहा ओट्यावर बसून घेतला आणि आबांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. अनोळखी रानात मीही माझ्या मुलीला पाठवलं नसतं. पण तुमच्याच उसात काम केलं तर? तुम्ही तिथंच बसा. आम्ही काय करतो ते बघा, आणि पटलं नाही तर सांगा, मी चादर गुंडाळून जाईन."

"माझ्या रानात माझीच लेक. मग काय बोलावं?" असे म्हणून आबांनी स्वतः चादरीसाठी दोन बांबू रोवून दिले.

त्या संध्याकाळी आबा बांधावर घोंगडीवर बसले होते, ते थोड्या वेळाने उठून उभे राहिले आणि मग चादरीला नाक लावतील इतके जवळ गेले. एक पांढराशुभ्र पतंग येऊन बसला होता. त्याच्या शेपटीला लालसर केसांचा झुबका होता. "ही तर नवरीवाणी नटलीया!" आबा म्हणाले. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हिचीच अळी तुमच्या उसाचा शेंडा खाते. शेंडेकिडीची आई." आबा बराच वेळ त्या नवरीकडे रागाने बघत राहिले. मग विहिरीकडून भिरभिरत एक मोठा, हिरव्या संगमरवरासारख्या पंखांचा पतंग आला. मॅडमनी आबांना विचारले, "विहिरीवर कण्हेर आहे का?" आबा चकित होऊन म्हणाले, "हाय की! तुमाला कसं कळलं?" हा पतंग कण्हेरीवर वाढतो, हे त्यांनी समजावून सांगितले. जेवणाची वेळ टळून गेली, आई दोनदा हाक मारून गेली, तरी आबा तिथून हलायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला विचारले, "मॅडम परत कवा येणार हैत?"

त्यानंतर जिल्ह्यातली किती शिवारे आम्ही मॅडमबरोबर पाहिली! तेरणा नदीच्या काठचे तेरचे फड, तुळजापूर तालुक्यातले, आणि परंड्याकडे सोनारीच्या वाटेवरचे. मॅडमची एक सवय सगळीकडे सारखीच. पतंग सापडला की शास्त्रीय नाव सांगण्याआधी त्या जमलेल्या माणसांना विचारत, "तुम्ही याला काय म्हणता?" बहुतेकदा नाव नसेच. मग त्या तिथल्यांनाच नाव ठेवायला लावत. म्हणून आमच्या विभागाच्या संग्रहात लांबलचक शास्त्रीय नावांच्या खाली "भुरी म्हातारी", "फाटका धोतऱ्या", "सरपंच" अशी नावेही मानाने लिहिलेली आहेत. सरपंच हे नाव पोट सुटलेल्या एका पतंगाला खुद्द त्या गावच्या सरपंचांनीच दिले होते, हे इथे नमूद केले पाहिजे.

मॅडमच्या सचोटीविषयी एकच प्रसंग सांगते. एका शेतकरी मेळाव्यात त्यांनी, आपल्या जिल्ह्यात आजवर न दिसलेला एक पतंग सापडल्याचे सांगितले होते. टाळ्या झाल्या, बातमीही आली. नंतर निवांतपणे तपासताना त्यांच्या लक्षात आले की तो नेहमीचाच पतंग होता. पंख झिजून त्याच्यावरची नक्षी पुसली गेली होती. कुणाला कळण्यासारखे नव्हते. पुढच्या मेळाव्यात मॅडम व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मी चुकले. तो नवा पाहुणा नव्हता, आपलाच म्हातारा होता. टाळ्या परत घ्या." लोकांनी टाळ्या परत घेतल्या नाहीत. पहिल्यापेक्षा जास्त वाजवल्या.

माझ्यावर त्यांचे व्यक्तिशः उपकार आहेत, असे म्हटले तर त्या रागावतील. तरी लिहिते. माझी मुलगी तान्ही असताना मी पीएच.डी. सोडायच्या विचारात होते. मॅडम म्हणाल्या, "मुलीला घेऊन ये." त्या वेळी त्या विभागप्रमुख होत्या. तेरच्या शिवारात त्यांनी जीपच्या मागच्या सीटवर मच्छरदाणी लावली, माझ्या लेकीला मांडीवर घेतले आणि मला सांगितले, "आज तू चादरीपाशी, मी पाळण्यापाशी." तो पूर्ण हंगाम तसाच गेला. माझ्या प्रबंधातल्या कितीतरी नोंदी मॅडमची अंगाई ऐकत केलेल्या आहेत. त्यांचा आवाज, आदर राखून सांगते, अंगाईसाठी फारसा बरा नाही. पण पोरगी झोपायची.

आता ज्या घटनेमुळे आमचे गाव मॅडमना आपले मानू लागले, ती सांगते. ही अलीकडच्या वर्षांतली गोष्ट.

त्या पावसाळ्यात आमच्या शिवारात पाकोळी उतरली. वाळल्या गवताच्या रंगाचा, चोचीसारखे तोंड असलेला हा किडा पानातला रस शोषतो, पानावर चिकटा सोडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. हिरवेगार फड बघता बघता काजळी फासल्यासारखे दिसू लागले. गावाने एकत्र बसून ठरवले की सगळ्या शिवारावर ड्रोनने विषारी औषध फवारायचे. पुढाकार भीमराव तात्यांचा होता. तात्या म्हणजे आमच्या गावातले मोठे ऊस बागायतदार, शब्दाचे पक्के आणि आवाजाने भारी. ड्रोनवाल्याला सांगून झाले होते.

आबांनी मला फोन केला, मी मॅडमना सांगितले, आणि आम्ही दोघी त्याच दुपारी गावात पोहोचलो. मॅडम एकेका फडात शिरून पानांची खालची बाजू उलटून पाहू लागल्या. आबांच्या उसात त्या थबकल्या. पानाच्या मागे कापसाच्या कणासारखे पांढरे कोष चिकटलेले होते.

"वैशाली, हे बघ!" त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

ते एका छोट्या काळसर पतंगाचे कोष होते. एपिरिकॅनिया त्याचे नाव. बहुतेक पतंगांच्या अळ्या पाने खातात, पण याची अळी पाकोळीच्या अंगावर बसते आणि तिलाच खाऊन वाढते. म्हणजे पाकोळीचा वैरी शिवारात आधीच दाखल झाला होता. आता फवारणी झाली असती तर पाकोळीबरोबर तोही गेला असता.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसे जमली. मॅडमनी सगळे समजावून सांगितले आणि पंधरवडाभर फवारणी थांबवायची विनंती केली.

तात्या म्हणाले, "मॅडम, तुमचा मान हाय. पण पाकोळी डोळ्यानं दिसतीया, आन् तुमचा पतंग कोषात झोपलाय. तवर ऊस गेला तर?"

"जाणारच नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "ढगाळ, दमट हवा राहिली तर हा पतंग वाढेल. ऊन कडक पडलं तर अवघड आहे. पण मला वाटतं, आपण थांबावं."

मग आबा उठले. "माझ्या उसावर फवारू नगा. गेला तर माझा जाईल. ह्या बाई माझ्या रानात पहिल्यांदा आल्या तवा मला म्हणल्या, पटलं न्हाय तर सांगा, मी जाते. आजवर न पटायसारखं एकबी काम त्यांनी केलं न्हाय."

आबा माणसांत फारसे बोलत नाहीत. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिले, रुमालाने तोंड पुसले आणि म्हणाले, "बरं. थांबू मग. पण माझ्या फडात तुमचे कोष न्हायीत, त्याचं काय?"

"ते आपण नेऊन लावू!" मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी जळकोटच्या दुकानांतले होते तेवढे स्टेपलर विकत आणले. आबांच्या उसातली कोष असलेली पाने कापायची, त्यांचे तुकडे करायचे आणि दुसऱ्या फडांतल्या पानांच्या मागे टाचायचे. गावातल्या बायका कामाला लागल्या. आई सगळ्यांच्या पुढे. "लगीनपत्रिका टाचल्यावानी टाचा, कोष चेंगरू नगा," अशा सूचना ती देत होती. हसणे, गाणी, चहाच्या किटल्या असे सगळे चालले होते. तात्यासुद्धा स्टेपलर घेऊन आले, पण त्यांच्या दणकट हातात तो पहिल्याच पानाला मोडला.

मग वाट पाहायचे दिवस सुरू झाले. पहिले काही दिवस आभाळ भरून होते. नंतर लख्ख ऊन पडले. कॉलेजात मॅडम व्हरांड्यात येऊन आभाळ बघत, डबा न उघडता परत नेत. एकदा मी म्हटले, "मॅडम, काही झालं तरी आबा तुम्हाला बोल लावणार नाहीत." त्या म्हणाल्या, "त्याचीच तर भीती वाटते गं." सुदैवाने ढग परतले.

आणि एके सकाळी आबांचा फोन आला. "मॅडमला घेऊन ये. लौकर ये."

आम्ही गेलो तेव्हा तात्या स्वतःच्या फडात उकिडवे बसून पाने उलटत होते. पानापानावर छोटे काळसर पतंग बसले होते. पाकोळ्यांच्या अंगावर पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या दिसत होत्या आणि नवी पाने स्वच्छ हिरवी निघाली होती. सगळा ऊस जसाच्या तसा राहिला, असे मी म्हणणार नाही. कडेच्या काही सऱ्या मागे पडल्याच. पण शिवार वाचले. ड्रोनवाला आला होता, त्याला तात्यांनी पोटभर जेवू घालून परत पाठवले.

"मॅडम," तात्या म्हणाले, "आमी समजत हुतो पतंग म्हंजे दिव्यावर येऊन मरायचा. ह्यो तर आमच्या कामाला आला की वो!"

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा पान उलटून पाहू लागल्या. त्या दिवशी गावाने त्यांना पुरणपोळीचे जेवण घातले. आईने त्यांची ओटी भरली. आता आसपासच्या गावांतले शेतकरीही फवारणीआधी पान उलटून पाहतात आणि शंका आली की फोटो काढून मॅडमना पाठवतात. मॅडम प्रत्येकाला उत्तर देतात, मग त्या वर्गात असोत नाहीतर लग्नात.

या महिनाअखेरीस मॅडम सेवानिवृत्त होत आहेत. सत्काराची तारीख ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी दिनदर्शिका समोर ओढून एकच अट घातली. "अमावस्येच्या आसपासचे दिवस सोडा." आमच्यातले एकजण म्हणाले, "मॅडम, अमावस्येला सत्कार कोण ठेवेल?" त्यावर मॅडम खुशीत म्हणाल्या, "मग उत्तम! अंधाऱ्या रात्री पतंग भरपूर येतात. मी त्या दिवशी सोनारीकडच्या फडांत असणार आहे." म्हणजे निवृत्तीनंतर काय करणार, हे विचारायची गरजच उरली नाही.

मॅडमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे त्यांना बांधावरून चढउतार करू देवोत, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांच्या मागे धावायचे बळ मिळो. इतरांसाठी आपण पौर्णिमा मागतो. आमच्या बिराजदार मॅडमना मात्र निरोगी, आनंदी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यात वारा पडलेल्या, दमट, गडद अंधाराच्या उदंड अमावस्या असोत!