रिंगचे दोन दाते गायब

नातवाचं जावळ रामटेकले होतं, बाराच्या आत. गाडी जवायाची. आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, एकदा पाहून घेतो. गाडीले काहीच झालं नव्हतं. पण जिंदगीभर इतवारीत स्कूटरी सुधारल्या, हात गप राहत नाही.

इंजिनच्या बाजूले एक सेन्सर असते. आतमधे दाते असलेली रिंग फिरते, हा ते दाते मोजते अन् कंप्युटरले सांगते, आता ठिणगी टाक. मी तो काढून पुसला. पाहतो तं त्याची नोक रिंगच्या एकदम जवळ बसते. घासली तं? जुन्या स्कूटरच्या ठिणगीच्या पॉइंटमधे मी आगपेटीचा पुठ्ठा घालून फट मोजत होतो. तोच पुठ्ठा चार घड्या करून सेन्सरखाली पॅकिंग म्हणून देला. बायकोले सांगितलं, "कंपनीवाल्याइले नाही सुचलं, ते मी केलं."

सकाळी गाडी चालूच होईना. पोरगी लेकरू घेऊन मागं बसलेली. तिकडून फोनवर फोन, न्हावी येऊन बसला म्हणून.

मी सेन्सर पुन्हा काढला, टॉर्च मारला, पाना लावून इंजिन फिरवलं. एका जागी दोन दाते गायब.

"जवाईबापू, रिंग तुटली. इंजिन खोला लागते. रामटेक राहू द्या आज."

जवाई मिहानमधे विमानाच्या कामाले आहे. म्हणे, "मामाजी, ते मुद्दाम सोडलेले असतात. तिथं दाते नाही, म्हणून तं चक्कर कुठून सुरू झाली ते कंप्युटरले समजते."

"जे नाहीच, ते पाहून कसं समजते जी?"

मागून पोरगी म्हणे, "बाबा, तुमचे समोरचे दोन दात नाही, तं आम्ही तुमाले दुरूनच ओळखतो का नाही?"

मी तोंड बंद केलं.

तेवढ्यात जवायानं माझा पुठ्ठा दोन बोटांनी उचलला. "हे काय आहे मामाजी?"

"पॅकिंग."

"यानं सेन्सर दूर गेला. त्याले एकही दाता दिसून नाही राहिला."

पुठ्ठा काढून सेन्सर बसवला, गाडी पहिल्या चावीत चालू. नसलेल्या दात्यावरून हिशोब कसा लागते, हाच विचार मी रामटेकपर्यंत करून राहिलो. आजही समजलं नाही.

बाराले दहा कमी होते. न्हाव्यानं वस्तरा काढला, लेकरू माझ्या मांडीवर देलं. जवाई वाकून हळूच म्हणे, "मामाजी, नुसतं धरून ठेवा. काही काढू-बसवू नका."