जळबाचं स्टेअरिंग

हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याजवळ खेमा आडेचं पत्र्याचं गॅरेज आहे. जाम झालेलं सोडवणारा मिस्त्री म्हणून त्याला पार सेनगावापर्यंत ओळखतात. साठीला आलेला, तांड्यावरचा, कमी बोलणारा माणूस. बाकीचे मिस्त्री आधी घण उचलतात. खेमा डिझेल सोडतो, दोन दिवस थांबतो, मग हातोडीनं हलकेच ठोकून कान लावतो. लोखंड आतून कुठं धरून बसलंय ते आवाजावरून कळतं, असं तो सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत द्वारकाबाई त्याच्याकडं आली. तिच्या शेताच्या कडेला तिच्या नवऱ्याचा ट्रक बारा वर्षं उभा होता. जळबा एका दुपारी वाशीमला माल उतरवून घरी येत होता. रस्त्यावरून शेताकडं वळला आणि वळणातच छातीत कळ येऊन स्टेअरिंगवर गेला. डावीकडं पूर्ण वळलेली चाकं तशीच राहिली. यंदा हळद शिजवायला तिला ती जागा पाहिजे होती. भंगारवाला ट्रक न्यायला तयार होता, पण ओढून न्यायचा तरी स्टेअरिंग फिरायला हवं, आणि दोन मिस्त्री खालूनच खटपट करून त्यापुढं हात टेकून गेले होते.

खेमा गेला. केबिनच्या दाराला तार गुंडाळलेली होती, ती त्यानंच पकडीनं तोडली. आत सीटवर, गिअरवर, देवाच्या फोटोवर बोटभर धूळ. फक्त स्टेअरिंगवर दोन जागा स्वच्छ होत्या, काळ्या आणि गुळगुळीत, रोज हात फिरत असल्यासारख्या. इथं लेकरं खेळतात का, असं त्यानं विचारलं. बारा वर्षांत दार उघडलेलंच नाही, असं द्वारकाबाई म्हणाली.

स्टेअरिंगकडून चाकांकडं जाणाऱ्या लांब दांड्याच्या नटांवर त्यानं डिझेल सोडलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर नट कोरडे ठणठणीत. उन्हानं उडालं असेल म्हणून त्यानं पुन्हा सोडलं आणि वर फडकी गुंडाळली. तिसऱ्या दिवशी फडकी ओली होती आणि नट कोरडे.

मग तो ट्रकखाली शिरून ठोकू लागला. भर दुपार होती. हातोडी पडली की वर केबिनमध्ये सीटची स्प्रिंग करकरायची, कुणी नीट सावरून बसल्यावर करकरते तशी. हा थांबला की तीही थांबायची. पहिल्यांदा खेमानं बाहेर येऊन पाहिलं. केबिन रिकामी. दुसऱ्यांदा तो बाहेर आला नाही. "भ्यालो व्हतो," असं तो आता सरळ सांगतो.

शेवटी दोन बाजूंनी दोन हातोड्यांचे एकदम घाव घातल्यावर दांडा सुटून मातीत पडला. पहार लावून त्यानं पुढची चाकं सरळ केली. ती मुकाट्यानं आली. आता स्टेअरिंगला खाली काहीच जोडलेलं नव्हतं. लेकरानंही फिरवावं इतकं ते हलकं व्हायला हवं होतं. ते तसूभर हललं नाही. त्यानं स्टेअरिंग बॉक्सचं झाकण खोललं. आत दाते तेलात नव्यासारखे चमकत होते, गंजाचा ठिपका नाही. अडकायला तिथं काही नव्हतंच.

खेमा बांधावर जाऊन बसला. जे पाहिलं ते सगळं त्यानं द्वारकाबाईला सांगितलं आणि म्हणाला, "बाई, तुमीच बोला त्यायच्याशी."

"मी काय बोलू? जित्तेपणी तरी त्यायनं माझं कुठं ऐकलं."

मग आठवून सांगू लागली. जळबाला दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात गाडी द्यायची असली तर तो आधी त्याला दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरायला लावायचा. समोरचा 'धरलं' म्हणेपर्यंत स्वतःचे हात काढायचा नाही. कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

खेमा उठला, केबिनमध्ये चढला. सीटवर जागा आहे असं त्याला वाटेना. तो क्लीनरच्या बाजूनं कडेला टेकला आणि हात लांब करून त्या दोन स्वच्छ जागांवर ठेवले. स्टेअरिंग ओलसर होतं, घामेजलेल्या तळव्यासारखं कोमट.

"धरलं, जळबाभाऊ," तो म्हणाला. "सोडा आता."

स्प्रिंग एकदा करकरली आणि दबलेली सीट हळूच वर आली. स्टेअरिंग एकदम इतकं सैल झालं की खेमाचा तोल गेला.

खाली द्वारकाबाईनं डोक्यावर पदर घेतला होता. उघड्या दाराकडं बघत ती बाजूला सरकली, कुणाला उतरायला वाट द्यावी तशी.

दांडा परत जोडून दिवस मावळायच्या आत ट्रक गेला. त्याच आठवड्यात तिथं हळद शिजली. खेमाचे हात मात्र नऊ दिवस सकाळी अर्धे मिटलेले असायचे, गोल काहीतरी धरल्यासारखे. बायको पारुबाई कोमट तेल लावून एकेक बोट सरळ करायची. दहाव्या दिवशी ते आपोआप उघडले, आणि तो सेनगावला एका ट्रॅक्टरच्या कामाला गेला. धंदा त्यानं सोडला नाही. पण स्टेअरिंग फिरवून बघायचं असलं की आता तो मालकालाच सीटवर बसवतो आणि आपण खाली उभा राहतो.