यंदा टॉस न्हाई

उदगीरच्या जीप अड्ड्यावर ड्रायव्हरने "जरा सरका की पाव्हणं" असं इतक्या प्रेमाने म्हटलं की सरकत सरकत मी निम्मा जीपबाहेर आलो. पुण्याहून रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी झाली होतीच. जी काही शाबूत होती ती कमलनगरच्या रस्त्याने मागून घेतली. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर बिदर जिल्ह्यातल्या एका खेड्याचा फुटबॉल बघण्यासाठी.

दोष बालाजीचा. कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. गावाबद्दल बोलायला लागला की जेवणाची सुट्टी संपते, याचं बोलणं संपत नाही. घरी केबल आल्यापासून परदेशी सामने बघून बघून मी स्वतःला या खेळातला जाणकार समजायला लागलो होतो. "तुमचं ते टीव्हीवरलं राहू द्या भाऊ," तो म्हणाला, "आमची टीम आता नुसती पुढं पळायलीय. नवी मॅनेजर आलीय. आमची अक्का (थोरली बहीण)." आळंदच्या संघाशी सामना होता. त्यासाठी त्याने रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली.

जीपमध्ये ज्यांची पिशवी माझ्या मांडीवर विसावली होती, ते गृहस्थ त्याच गावचे निघाले. सामना कधी सुरू होतो, असं मी विचारलं.

"कुणाला म्हाईत? आमी टॉसलाच जातो," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग बालाजीने खुलासा केला. इतकी वर्षं टीम होती अप्पांकडे. अप्पा लहानपणी घरची मेंढरं राखायचे. दिवस मावळताना मेंढरं वाड्यात कोंडावीत तसे ते अकराच्या अकरा गडी आपल्या गोलसमोर कोंडायचे. समोरच्यांना गोल करता यायचा नाही, ह्यांना करायचाच नसायचा. आणि बरोबरी झाली की नाणं उडवून निकाल, ही तिकडची पद्धत. म्हणून गाव आपली कामंधामं उरकून थेट टॉसला यायचं. जिंकले तर अप्पांचा हात चांगला, हरले तर नाणं खोटं.

"पर या बारीला पहिल्यापास्नं बसणार," पिशवीवाले म्हणाले. "यंदा टॉस न्हाई. अक्का हाय. चार तरी मारतील."

"पाच," ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला. जीपमधल्या एका म्हातारीने सहा सांगितले आणि मग कुणी तिच्यापुढे गेलं नाही.

गावात उतरलो ते थेट अक्काच्या पिठाच्या गिरणीवर. टीमचे सदरे तिथेच खुंटीवर लटकत, त्यामुळे खेळाडू मैदानात उतरले की आधी पीठ झटकत. चेंडूही गिरणीतच असे, आणि सत्ताबदल झाला तो त्याच्यामुळेच. महिन्यापूर्वी एका सकाळी पोरं सरावाला चेंडू मागायला आली तेव्हा अक्काने तो पट्ट्याच्या चाकामागे ठेवून दिला. "पुढं जाऊन खेळणार असाल तर देते. राखत बसायचं असंल तर दगड घ्या की, बॉल कशाला पायजे?" दुसरा चेंडू गावात नव्हता. अशा रीतीने अक्का मॅनेजर झाल्या.

त्यांनी माझ्यापुढे सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) आणि तळलेल्या मिरच्या ठेवल्या. मिरची खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी जाणकाराच्या थाटात विचारलं, "पण अक्का, बचावाचं काय?"

"बॉल तिकडं असला तर इकडं काय राखायचं पाव्हणं, धसकटं?"

माझी केबल तिथेच बंद पडली. बालाजी हसला, पण अक्का हसल्या नाहीत. पीठ झाडत म्हणाल्या, "गावाम्होरं बोलून बसलेय मी. मॅच टॉसपर्यंत गेली, तर टीम परत अप्पाची. बॉलबी देऊन टाकणार. गिरणी पोटासाठी हाय, ती कुणी न्हाई काढून घेत. हे एक माझ्यासाठी हाय." त्यांचा हात एकाच जागी झाडणी फिरवत राहिला.

मैदान म्हणजे पडीक काळं रान. कोपऱ्यांना निशाण म्हणून तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) रोवलेल्या. रेघा गिरणीत सांडलेल्या पिठाने आखलेल्या, आणि एक कोंबडी ती रेघ इमानेइतबारे टिपत निघालेली. सामना अर्ध्यावर येईपर्यंत एका बाजूची हद्द तिच्या पोटात गेली होती. प्रेक्षक सगळे आळंदच्या गोलमागे. आपल्या गोलमागे चिटपाखरू नाही. "तिकडं काय बघायचंय?" असं मलाच विचारण्यात आलं. मध्यंतरात बाजू बदलल्या तेव्हा अख्खं गाव सतरंज्या, पोरं आणि पाण्याच्या घागरी उचलून दुसऱ्या टोकाला गेलं. अप्पा तेवढे मधोमध बाभळीखाली बसून होते. कमरेच्या चंचीत (पानसुपारीच्या पिशवीत) टॉसचं नाणं तयार होतं.

आणि खेळ? माझ्या टीव्हीवर असलं काही दाखवत नाहीत. चेंडू मिळाला की अकराही जण पुढे. गोलकीपरसुद्धा राहवेना म्हणून अर्ध्यापर्यंत येऊन उभा. आळंदचा गोलकीपर धापा टाकत ओरडला, "अरे तुमना हौर (दुसरं) काम नै क्या? नुस्ते दौडके आ रै!" त्यांनी दोन केले, आपण तीन केले. तिसऱ्याला जीपमधली म्हातारी उठून उभी राहिली आणि आणखी तीन राहिले म्हणून खाली बसली.

खेळ थोडाच उरला होता. तीन-दोनने पुढे. आणि इथे गावाने घोटाळा केला. आजवर हे लोक कधी पुढे गेलेच नव्हते. पुढे गेल्यावर करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. महिनाभर "पुढं जा" म्हणणारी तीच तोंडं एकदम ओरडायला लागली, "मागं या! मागं या रे!"

अक्का ओरडत होत्या, "पुढंच ऱ्हावा!" पण गावाच्या गलक्यात एकटीचा आवाज किती पुरणार? तेवढ्यात बाभळीखालून दुसरा आवाज आला. अप्पा उठले होते. धोतर सावरत रेघेपर्यंत धावत आले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "मागं येऊ नका रे भाड्यांनो! मागं मी लै बघितलंय, तिकडं काय न्हाई!"

निम्मी टीम गावाचं ऐकून मागे गेली, निम्मी अप्पांचं ऐकून पुढे. मध्ये एवढी मोकळी जागा पडली की आळंदचा एक पोरगा तिच्यातून रमतगमत गेला आणि गोल करून आला. तीन-तीन.

पंचाने, म्हणजे शेजारगावच्या गुरुजींनी, शिट्टी मारली आणि सवयीने अप्पांकडे हात केला. अक्का मान खाली घालून चेंडू आणायला निघाल्या. मला फार वाईट वाटलं. पण अप्पांनी चंचीची गाठ सोडली नाही.

"न्हाई टाकणार. एवढं पळाल्यावर नाण्यावर सोडायचं व्हय?"

"मग निकाल कसा लावायचा?" गुरुजी म्हणाले.

इथे माझी केबल एकदाची कामाला आली. पुढचा गोल करील तो जिंकला असा नियम परदेशात आहे, असं मी सांगून टाकलं.

"मग मघाच बोललाव न्हाई कामून?" अप्पा माझ्यावरच खेकसले. आळंदवाले तयार झाले. त्यांनाही मजा यायला लागली होती.

पुन्हा अकराही जण पुढे गेले. या खेपेला गावाने कुणालाही मागे बोलावलं नाही. एक चेंडू खांबाला लागला, एक कोंबडीला. मग आळंदने आमच्या रिकाम्या अर्ध्यात एक लांब फटका मारला. त्याच्यामागे धावायला फक्त त्यांचाच माणूस होता. गोल आपल्यावर झाला.

मग पिशवीवाले उठले आणि भारावल्यासारखे म्हणाले, "खेळून हरलो की रे आपण!" आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. इतक्या, की आळंदवाल्यांना घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने जिंकलं कोण, याची आपल्याच लोकांना विचारून खात्री करून घेतली.

अक्का चेंडू घेऊन अप्पांसमोर उभ्या राहिल्या. डोळे भरलेले. "घ्या अप्पा."

"टॉस झाला का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"मग तुझ्यापाशीच ठिव." असं म्हणून त्यांनी चंचीतलं नाणं काढलं, एका पोराला दिलं आणि सगळ्यांसाठी बडीशेप आणायला दुकानात पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मी पुन्हा निम्मा बाहेर होतो. ड्रायव्हरने काय झालं म्हणून विचारलं, तर बालाजीने छाती काढून सांगितलं, "हरलो! तीन मारून हरलो!" ड्रायव्हर म्हणाला, "पुढल्या खेपंला पाच." मला सहा वाटत होते. पुण्यात आल्यावर टीव्हीवरचे सामने फिके वाटतात. पुढे असलेला संघ मागे सरकायला लागला की मी खुर्चीतून उठून अप्पांच्या आवाजात ओरडतो. बायको म्हणते, ते लोक परदेशात आहेत, त्यांना ऐकू जात नाही. जात नसेल. पण इतकी वर्षं मीही बऱ्याच गोष्टी टॉसवर सोडत आलो, आणि मला मात्र ते नीट ऐकू येतं.