मेजरांचा डावा बूट

सन दोन हजार अकरा, मी अडुसष्ट वर्षांचा. फौजेतून परतलेल्या माणसाला आमच्याकडे सगळे मेजरच म्हणतात. आमच्या आळीतले मेजर पाय आपटत चालायचे. माझ्या चांभारकीच्या दुकानात बसून मी म्हणायचो, “बघा, पेन्शनीचा माज!”

एकदा त्यांनी बूट तळ लावायला आणले. उजव्याला बोटांपाशी सुरकुत्या, डावा तिथं अगदी कोरा.

“मेजर, डावा पाय वापरत नाही काय?”

“बोटं सीमेवर बर्फात गळून राहिली, तात्या. पुढं चिंध्या कोंबतो.” वर हसून म्हणाले, “तेवढीच नखं कापायची कमी!”

जोडा बघून माणूस ओळखतो म्हणून मी जन्मभर मिरवलं, आणि हा माणूस रोज दारावरून जात होता. तिकडं ते बर्फात उभे होते, म्हणून मी इथं उन्हाला पाठ देऊन निवांत टाके घालत होतो.

गिऱ्हाइकाच्या पायात मी कधी जोडा घातला नाही. बापाची शिकवणच तशी: शिवायचा आपण, घालायचा ज्याचा त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटात लोकरीची मऊ गादी शिवली, त्यांच्या घरी गेलो आणि पायांशी बसलो.

“अहो तात्या, राहू द्या!”

“गप बसा, मेजर,” म्हटलं आणि डावा बूट माझ्या हातानं त्यांच्या पायात घातला.