घंटेच्या दोरीजवळची खिडकी

तिवऱ्याची भाजी निम्मी निवडून झाली होती, तेवढ्यात कलावतीमावशी दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"चाल, चर्चमंदी चाल. तो काचवाला नाव नाही म्हून राहिला."

भाजीवर ओलं फडकं टाकलं आणि चपला घातल्या. काय झालं असेल ते मला वाटेतच कळलं होतं. गेले तीन महिने याच एका गोष्टीवरून माझं डोकं उठलं आहे.

कलावती साळवे आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहते. वय बहात्तर. तिचा नवरा लहानू आमच्या चर्चचा माणूस होता, म्हणजे घंटा वाजवायची, सतरंज्या घालायच्या, पंख्यांना तेल द्यायचं आणि कोणी गेलं की कबरस्तानात खड्डाही खणायचा. एकतीस वर्षं त्याने हे केलं. त्र्याण्णव साली कावीळ होऊन गेला. मी लग्न होऊन रायपूरला आले ती अठ्ठ्याण्णवला, त्यामुळे मी त्याला पाहिलेलं नाही. पण लहानूची घंटा कधी एक मिनिट इकडची तिकडे झाली नाही, हे माझ्या सासूबाईंकडून इतक्यांदा ऐकलं की पाहिल्यासारखंच वाटतं.

आमच्या चर्चला रंगीत काचांच्या सात खिडक्या आहेत. सहा जुन्या, विलायतेहून आलेल्या. एकेका साहेबाच्या, मडमेच्या आठवणीत बसवलेल्या, खाली इंग्रजीत नावं. लहानू गेल्यावर मंडळीतल्या लोकांनी ठरवलं की सातवी आपल्या माणसाची करायची. घंटेच्या दोरीजवळ साधी काच होती, ती काढून निळ्या काचेवर पिवळी घंटा बसवली आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर मराठीत लहानूचं नाव लिहिलं. सातांमधलं मराठी अक्षर तेवढंच.

तेव्हापासून दर शनिवारी कलावतीमावशी ती खिडकी पुसते. बाकीच्या सहा चौकीदार पुसतो, ही मात्र ती कोणाला हात लावू देत नाही. आधी ओल्या फडक्याने, मग खाण्याच्या सोड्याने, मग वर्तमानपत्राने. पाऊस असो, ताप असो. मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा शनिवार होता म्हणून सकाळी सहाला येऊन पुसून गेली होती.

गेल्या नोव्हेंबरात सेशनने, म्हणजे आमच्या वडीलमंडळींच्या सभेने, सगळ्या खिडक्या दुरुस्त करून घ्यायच्या ठरवल्या. यादी करताना सेक्रेटरी देवीदासभाऊंनी सातव्या खिडकीपुढे लिहिलं, 'नाव नाही'. पाठोपाठ एका डॉक्टरसाहेबांच्या घरच्यांचा अर्ज आला की नाव नसलेली खिडकी आमच्या वडिलांच्या स्मरणार्थ द्यावी. कलावतीमावशीच्या कानावर ते गेलं आणि ती देवीदासभाऊंना हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. त्या कोऱ्या पट्टीवर बोट फिरवत तिने वाचून दाखवलं: लहानू शांतवन साळवे, आणि पुढे दोन्ही तारखा. भाऊ खाली बघत उभे राहिले. मीही होते. पट्टीवर काहीही नव्हतं. तिला मात्र दिसत होतं. इतक्या शनिवारांत ते तिला इतकं पाठ झालं होतं की अक्षरं कधी विरली हे तिला समजलंच नाही.

बरं, तिला समजलं नाही, आम्हा बाकीच्यांचं काय? दर रविवारी मी त्याच दाराने आत जाते. खिडकी डोळ्यांसमोर आहे, घंटा आठवते, पण ती अक्षरं मी शेवटची कधी वाचली हे देवासमोर खरं सांगायचं तर मला सांगता येत नाही. प्रार्थनेत मी त्याची क्षमा मागितली आहे, पण त्याने मावशीचा अर्ज पुढे सरकत नाही.

खिडकी लहानूच्याच नावाची राहावी, असा तो अर्ज तिच्या वतीने मी लिहिला. पहिल्या सभेला माणसं पुरी जमली नाहीत. दुसऱ्या सभेत म्हणाले, हिंदीत लिहून द्या. तिसऱ्या सभेत त्र्याण्णवचं रजिस्टर काढायचं ठरलं, तर त्याला वाळवी लागलेली. चौथ्या सभेत म्हणाले, लेखी पुरावा आणा. तोंडी विचाराल तर सगळी मंडळी सांगते, हव, लहानूचीच खिडकी. सही करा म्हटलं की कोणाला गावाला जायचं असतं, कोणाचा चष्मा घरी राहिलेला असतो. डॉक्टरांच्या घरच्यांना कोण दुखावणार?

सगळ्यात राग मला देवीदासभाऊंचा येतो. लहानूची खिडकी प्रार्थना करून अर्पण केली त्या दिवशी ते तिथे हजर होते. स्वतः मला म्हणाले, "वहिनी, मी होतो ना तिथं. त्या दिवशी गाणं मीच उचललं. पण मी सेक्रेटरी हाय, माझी साक्ष कशी चालन?" माणूस वाईट नाही. पण अशा चांगुलपणाचं काय करायचं, ते मला कळत नाही.

आज आम्ही पोचलो तेव्हा काचकाम करणारे शेखरभैया शिडीवरून उतरत होते. जबलपूरचा शांत माणूस. देवीदासभाऊ बाजूलाच वही घेऊन उभे. शेखरभैयांनी हिंदीत समजावून सांगितलं: त्या सहा खिडक्यांवरची अक्षरं रंगवून भट्टीत भाजलेली आहेत, शंभर वर्षं घासली तरी जाणार नाहीत. ही मात्र ऑइल पेंटने नुसती वरून लिहिली होती. सोड्याने घासून घासून गेली. मंगळवारी ते काचा घेऊन जबलपूरला जाणार आहेत. पट्टीसाठी जे नाव त्यांच्या हातात देऊ, तेच ते भाजून आणतील, आणि मग ते कायमचं.

मला वाटलं, आता ही खाली बसणार. मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला. बराच वेळ ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मग देवीदासभाऊंकडे वळली.

"म्हंजे मीच पुसलं."

तिने त्यांच्या वहीवर बोट ठेवलं.

"लिहा तुमच्या वहीत, कलावतीनं पुसलं म्हून. लिहा ना. मी पुसलं म्हंजे होतं. नसतं तं काय पुसलं मी बत्तीस वर्स?"

शेखरभैया म्हणाले, "दीदी सही कह रही हैं. पट्टीच्या कडेला रंगाचे ठिपके अजून आहेत." एवढी मराठी त्यांना येते हे मला आजच कळलं.

देवीदासभाऊंनी पेन काढलं, थोडं थांबले आणि परत खिशात ठेवलं. रंग होता हे सिद्ध झालं, म्हणाले, पण कोणाचं नाव होतं हे नाही झालं. घरच्या माणसाचं सांगणं सेशन धरणार नाही. ज्याने लिहिलं त्याने कागदावर लिहून दिलं तर सोमवारच्या सभेत ते स्वतः मांडतील. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी त्यांना विचारलं, हे तीन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "कोणी इचारलं नाही ना वहिनी."

मी रागाने काही बोलणार तर मावशीच म्हणाली, "नरहर पेंटर. गोल बाजारातला. दुकानाच्या पाट्या लिहे तो. हाय अजून. त्याचा पोट्टा आता फ्लेक्स छापते."

आणि हे नाव ती मला आज सांगते आहे. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणते, पेंटरचं काय काम, नाव तर लिहिलेलंच होतं ना.

मी तिला म्हटलं, उद्या बरोबर चल. ती नको म्हणाली. ज्याने लिहिलं त्याला जाऊन काय सांगू, मी तुमचं लिहिलेलं घासून काढलं? मग पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू जाय. तारखा बरोबर लिहून घे. जन्माची सात जून हाय, सतरा नाही."

उद्या शनिवार. सकाळी दहा वाजता, दुकान उघडतं तेव्हा, गोल बाजारात नरहर पेंटरकडे सही घ्यायला जायचं आहे.