पहिल्या हँडलची गाडी

“त्यानं मले इचारलं होतं, अन् मी हो म्हटलं.”

वडनेरच्या वासुदेवरावांनी हे वाक्य आयुष्यात एकदाच उच्चारलं, तेही ज्वारी निवडत बसलेल्या बायकोपाशी, आनंदाबाईंपाशी, तिच्याकडे न बघता. धाकट्या भावाचा, बंडूजींचा, हात मोडला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

दोघा भावांची शेती एकत्र, चूल एकत्र. सत्तर सालाच्या सुमारास समुद्रपूरकडच्या एका मालगुजाराच्या कापसाच्या कोठ्यातून आणलेली जुनी फोर्डही एकत्रच. गाडी दोघांपेक्षाही वयानं मोठी होती. बैलजोडी लावून ती गावात ओढत आणली तेव्हा पारावरचे किसनराव म्हणाले, “दोन इंजिनं पुढं लावले तं मंग मागचं कायले पायजे, वासुदेवा?”

भावांनी तिला उभं केलं. रेडिएटर गळायचा, त्यात हळद टाकत. त्या मापाचे टायर मिळेनात, तर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे बसवले. वरचा कापडी टप हिंगणघाटच्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतला. उन्हाळ्यात सगळं घर भरून गिरडला, रामटेकला दर्शनाला जात. चढ आला की बायकांनी उतरून चालायचं. बंडूजींची बायको धुरपता म्हणायची, “आमी गाडीत नाई फिरून राह्यलो, गाडीले फिरवून राह्यलो.”

गाडी पुढून घालून फिरवायच्या हँडलवरच सुरू व्हायची. स्टिअरिंगखाली ठिणगीची वेळ मागंपुढं करणारी एक दांडी होती. हँडल मारताना ती पूर्ण वर पाहिजे. खाली राहिली तर इंजिन उलटा झटका देतं आणि लोखंडी हँडल मारणाऱ्याच्या हातावर येतं. म्हणून वासुदेवराव आत बसत आणि बंडूजी पुढं वाकून हँडल मारत. आधी बंडूजींनी विचारायचं, “दादा, वर केली का?” वासुदेवरावांनी “हो” म्हणायचं. मगच हँडल.

लगीनसराईत गाडीला मागणी असे. आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेतात. नारळ फुटतो, नवरदेव परत गाडीत बसतो, आणि वाजंत्री चालू असतानाच गाडी हलली पाहिजे. नाही हलली तर म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतात. नाचणगावच्या एका लग्नात ती हललीच नाही. बंडूजी हँडल मारून मारून घामाघूम झाले. नवरदेवाचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला, “यापेक्षा बैल बरे होते. तुतारीची आर टोचली का उठतात तरी.” माणसं हसली. बंडूजीही हसले. वासुदेवराव हसले नाहीत.

पुढचं लग्न गावातलंच होतं, घराण्यातलं. नारळ फुटला. इंजिन गरम होतं. गरम इंजिन दांडी थोडी खाली ठेवली तर लवकर पेटतं, हे वासुदेवरावांना माहीत होतं. किती थोडी, ते माहीत नव्हतं. त्यांनी दांडी खाली ठेवली.

“दादा, वर केली का?”

“हो. मार.”

इंजिन पहिल्याच हँडलला पेटलं, पण उलटं. मनगट मोडल्याचा आवाज डफड्यात कुणाला ऐकू आला नाही. वासुदेवरावांना तो आला होता की ते नंतर स्वतःच ऐकू लागले, कोण सांगणार?

हाड बसवणाऱ्यानं बसवलेलं मनगट वाकडंच राहिलं. बंडूजींना एसटीत ड्रायव्हर व्हायचं होतं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. ते वांगी, मेथी लावू लागले, हिंगणघाटच्या बाजारात डाव्या हातानं तराजू धरू लागले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, हँडलभोवती गुंडाळला तर उलट्या झटक्यात सापडतो. कुणी विचारलं की बंडूजी सांगत, “माझाच अंगठा गुंडाळला असन.” सांगता सांगता त्यांना तसं आठवूही लागलं.

त्या दिवसापासून हँडल वासुदेवराव मारू लागले, आणि आत बंडूजी. विचारण्याची वेळही भाऊ येऊ देत नसे. गाडीपुढं वाकलं की आतून खणखणीत आवाज यायचा, “वर केली, दादा.” दर वेळी. आणि बंडूजींनी वर केली म्हटलं की ती वर असायची.

“मंग सांगून टाका न भाऊजीले,” त्या दिवशी ज्वारी निवडता निवडता आनंदाबाई म्हणाल्या.

“सांगून त्याचा हात सरळ होते का?”

“हाताचं कोन म्हनते? तो सोताले दोष देऊन राह्यला, ते तं थांबन.”

“गिरडले जाऊ तवा सांगतो.”

गिरड झालं, रामटेक झालं. वासुदेवराव प्रत्येक मुक्कामी गाडीखाली शिरून आवळलेलेच नट पुन्हा आवळत राहिले.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपुरात जुन्या गाड्यांचा मेळा भरला. दोघं भाऊ निघाले. आज सांगायचंच, असं वासुदेवराव घरून ठरवून निघाले होते. बुटीबोरीला पाणी भरायला थांबले. बंडूजी वाकड्या हातावर बादली तोलत रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते, गुणगुणत होते. वासुदेवराव म्हणाले, “बंडू.”

“काय, दादा?”

“सांडू देऊ नको.”

दुपारी मंडपात गाडीवाल्यांची पंगत बसली. शेजारच्या पानावर इतवारीचे मिरचीचे व्यापारी ताराचंदजी होते. त्यांच्याकडंही तसलीच फोर्ड. त्यांचं लक्ष बंडूजींच्या हाताकडं गेलं. “हे हँडलचं का जी?”

“हँडलचंच. माझा अंगठा गुंडाळला होता.”

“अंगठ्यानं अंगठा जाते,” ताराचंदजी भात कालवत म्हणाले. “मनगट असं नाई जात. दांडी खाली राहिली असन तुमची.”

“नाई जी.”

“अहो, वर असली का ते उलटं मारतच नाई. कोन बसलं होतं आत?”

बंडूजींचा घास हातातच राहिला. त्यांनी भावाकडं पाहिलं, मग ताराचंदजींकडं, आणि लहान पोराला समजवावं तसे हसले.

“आत दादा होता, शेठजी. मी इचारलं होतं त्याले. वर केली म्हनला तो.”

वाढणारा कढी घेऊन आला आणि तसाच पुढं गेला. बंडूजी अजून भावाकडंच बघत होते. दादानं फक्त मान हलवावी, एवढंच त्यांना हवं होतं.

वासुदेवराव अर्ध्या पानावरून उठले, रांगेतून वाट काढत, हात न धुता मंडपाबाहेर निघून गेले.